आज किती खाल्लं त्यानं?

बालवाडीतल्या बाईला कधीही "काय म्हणतेय शाळा?" असं विचारू नये. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, तर मठ्ठा येईपर्यंत तुमची सुटका नाही! चौदा वर्षं झाली मला. आमच्याकडे किस्से मुलांच्या मोज्यांसारखे साठतात. एक हरवला म्हणून शोधायला जावं, तर भलत्याचेच चार सापडतात.

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमची छोटी बालवाडी. तीन ते पाच वर्षांची तीसेक मुलं, मी, आणि नाश्ता करणाऱ्या हिरामावशी. मावशी मूळच्या हरसूलकडच्या. माझ्याकडच्या किश्शांतले निम्मे एकाच प्रश्नातून निघालेत. सुट्टीच्या वेळी फाटकाशी प्रत्येक आई-बाप तोच विचारतात, "मॅडम, आज किती खाल्लं त्यानं?"

*

मी नवीन होते तेव्हा भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता. रंगीत खडूंनी, चौकटी आखून. तीन वर्षांच्या मुलाला अमुक एवढा उपमा, चार वर्षांच्याला एवढा. ट्रेनिंग ताजं होतं ना!

हिरामावशी कमरेवर हात ठेवून बराच वेळ तो बघत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, ह्यात भूक कुठं लिवली हाय?"

मी म्हटलं, "मावशी, भूक कशी लिहिणार?"

"मग तेवढी जागा कोरी ठेवा."

त्या प्रत्येक ताटलीत फक्त दोन चमचे वाढायच्या. संपलं की मूल हात वर करणार, मग आणखी दोन. कुणी पहिल्यावरच थांबायचं, कुणी पाचव्यांदा हात वर करायचं. कालचा पाचवाला आज पहिल्यावरच थांबायचा. मी महिनाभर लिहून ठेवलं. एकाही मुलाचे दोन दिवस सारखे नव्हते! तक्ता मीच भिंतीवरून उतरवला. मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांनी हत्ती काढला.

*

ओजसची आई मात्र तक्त्याच्याही पुढे. साडेतीन वर्षांचं पोर आणि डब्यात सहा इडल्या! वर मला ताकीद, "मॅडम, हे सगळं संपवल्याशिवाय त्याला उठू द्यायचं नाही."

मी समजावलं. पण घरी ती त्याच्यामागे वाटी घेऊन अख्खी बिल्डिंग फिरायची, मोबाईलवर कार्टून लावायची, तरी तो तोंड उघडायचा नाही. ती रडकुंडीला आली होती बिचारी. म्हणून म्हटलं, आणा डबा.

आणि चमत्कार झाला. डबा रोज रिकामा! आई इतकी खूश, की येता-जाता माझे हात हातात घ्यायची.

तीन आठवड्यांनी आम्ही मुलांची वजनं केली. ओजस होता तिथेच. शेजारी बसणारा सार्थक मात्र काट्यावर चांगलाच पुढे सरकला होता. मी काय ते समजले. तेवढ्यात सार्थकची आई हसतमुखाने आत आली. "मॅडम, तुमच्या शाळेचं पाणी लय मानवलं बरं आमच्या पोराला!"

ओजसच्या आईला मी सगळं खरं सांगितलं. ती इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. दुसऱ्या दिवसापासून डब्यात एकच इडली. ती मात्र ओजस स्वतः खायचा. कुणाला तुकडाही द्यायचा नाही!

*

आता एक सांगते, त्यात हसण्यासारखं काही नाही.

परी नावाची एक मुलगी होती आमच्याकडे. आई-वडील फुलशेती करणारे. पहाटे झेंडूचे क्रेट आणि परीला घेऊन दोघं बाजाराला जायचे, आणि येताना मुलीला आमच्याकडे सोडायचे. परी चावायची. खेळता खेळता दंडाला, गालाला, कुठेही. आठवड्यात तीन मुलांचे पालक भांडून गेले. "त्या मुलीला काढा, नाहीतर आम्ही आमची काढतो."

मी परीच्या आईला बोलावून सांगायचं ठरवलं. वाक्यं पाठ करून ठेवली होती. मनात वाईट वाटत होतं, पण करणार काय?

सकाळी मावशी म्हणाल्या, "मॅडम, आजचा दिवस थांबता का? ती कधी चावते, बघितलं का तुम्ही?"

नव्हतं बघितलं. मावशींनी बघितलं होतं. परी फक्त नाश्त्याच्या आधी चावायची. नंतर दिवसभर कुणाला बोटही लावायची नाही.

त्या दिवशी प्रार्थनेआधीच मावशींनी तिला स्वयंपाकघरात नेलं. अर्धी भाकरी, गूळ आणि एक केळं. परीने मान वर न करता खाल्लं. पहाटे चारला उठलेलं लेकरू, साडेनऊपर्यंत पोटात नुसता चहा! आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

त्यानंतर ती कुणालाही चावली नाही. तिच्या आईला मी बोलावलं, पण पाठ केलेली वाक्यं बोलले नाही. एवढंच म्हटलं, "पहाटे तिला काहीतरी खायला देत जा, पोळीचा तुकडा का होईना." तिचे डोळे भरले. "मॅडम, मला वाटायचं, इतक्या पहाटे पोराला भूक नसती."

मावशी मध्ये बोलल्या नसत्या, तर मी त्या मुलीला काढून टाकलं असतं. हे मी कुणाला सांगत नाही, आज सांगितलं. मावशींना मात्र त्याच दिवशी सांगितलं होतं, "तुमचे उपकार झाले." तर त्या म्हणाल्या, "भाकरीचे माना. मी नुसती भाजली."

*

अयानचे नाना निवृत्त टेलरमास्तर. नातवाला स्कूटरवर पुढे उभं करून आणायचे. मुलांचे कपडे खराब होतात म्हणून त्यांनी स्वखुशीने सगळ्यांना एप्रन शिवून दिले. निळे, आणि समोर हे एवढे मोठे खिसे!

त्या आठवड्यात ताटल्या लख्ख. मी फाटकाशी सगळ्यांना सांगत होते, "आज सगळं संपवलं हं!" शनिवारी मावशींनी एप्रन धुवायला घेतले, आणि आतूनच हाक मारली, "मॅडम, पाच दिवसांचा उपमा सापडला!"

नानांना बोलावून दाखवलं. त्यांनी एका खिशात हात घातला, बाहेर काढला, बोटांकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, ग़लती टेलर की है. जेब सी देता हूँ, पेट अपने आप खुल जाएगा!"

आणि खरंच, सोमवारी सगळे खिसे शिवलेले.

*

तुम्ही म्हणाल, ही बाई घरी तरी शहाणी असेल. छे हो!

माझा मुलगा ईशान तेव्हा चार वर्षांचा. शाळेत मी पालकांना सांगायची, "जबरदस्ती करू नका, मुलाला स्वतःचं पोट कळतं." आणि घरी? हातात घावन घेऊन त्याच्यामागे, "एक घास काऊचा, एक चिऊचा, हा संपव, नाहीतर बागेत नेणार नाही!"

एकदा त्याच्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी त्याला माझ्याबरोबर शाळेत नेलं. तिथे तो तीस मुलांत बसला, मावशींनी दोन चमचे वाढले, कुणी काही म्हणालं नाही. साहेबांनी दोनदा हात वर केला.

रात्री जेवताना मी पुन्हा सुरू झाले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू घरी पण टीचर हो ना."

नवरा पाणी पीत होता, त्याला ठसका लागला.

*

एकदा तपासणीला एक मॅडम आल्या होत्या. चांगल्या होत्या, पण फाईल जाडजूड. त्यांनी पहिल्याच रांगेतल्या चिमुरडीला विचारलं, "बाळा, नाश्ता किती करतेस?"

"थोडासा."

मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे किती?"

"आधी थोडासा," तिने बोट दुमडलं, "मग थोडासा, मग थोडासा, मग पोट म्हणतं बास!"

मॅडमनी फाईल मिटली आणि मावशींना म्हणाल्या, "मलाही थोडासा द्या हो. सकाळपासून काही खाल्लं नाहीये." तीनदा घेतला त्यांनी!

*

आणि हा गणेशचा.

गणेशचे वडील तानाजीभाऊ बांधकामावर सेंटरिंगच्या कामाला. गणेश सातव्या महिन्यातच जन्मलेला. कितीतरी दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत, नाकात नळी. तो जगला, वाढला, पण तोंडात काही घालायचं म्हटलं की अंग आक्रसून घ्यायचा. चौथं वर्ष लागलं तरी फक्त दूध आणि पातळ पेज. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "गळा आता ठीक आहे, भीती बसलीये. घाई करू नका."

तानाजीभाऊ पहिल्या दिवशी फाटकाशी उभे राहून म्हणाले, "मॅडम, खाईल न खाईल. नुसता बसवा त्याला पोरांत."

आम्ही बसवला. मावशी त्याच्यापुढेही ताटली ठेवायच्या, सगळ्यांसारखी. तो बघायचा. नाश्ता संपला की ताटली तशीच उचलायची. कुणी काही म्हणायचं नाही. असे पाच महिने गेले. रोज सुट्टीत तानाजीभाऊ यायचे. ते कधी विचारायचे नाहीत. नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी म्हणायची, "आज छान खेळला."

नाशिकची थंडी कडक पडली होती. त्या दिवशी गरम पोहे होते. मी दुसऱ्या मुलाचं नाक पुसत होते. मावशींनी हळूच माझा पदर ओढला आणि डोळ्यांनीच खुणावलं, बघू नका. मी बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मावशी रिकामं पातेलं घासत राहिल्या, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

गणेशने एक पोहा उचलला. जिभेवर ठेवला. तसाच बसून राहिला. मग दुसरा.

सुट्टीत तानाजीभाऊ आले, तेव्हा मावशींनीच सांगितलं. त्यांनी पोराला उचललं, मागे वळले आणि निघून गेले.

अर्ध्या तासाने परत आले. कडेवर गणेश, हातात पेढ्यांचा बॉक्स. फाटकाशी जे भेटेल त्याला पेढा. रिक्षावाले काका, शेजारचा इस्त्रीवाला, उशिरा मुलांना न्यायला आलेले पालक.

एका आईने पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय हो भाऊ, दुसरं बाळ झालं वाटतं?"

"नाय वो ताई. गणेशनं पोहे खाल्ले."

"अरे वा! किती खाल्ले?"

तानाजीभाऊंनी चार बोटं दाखवली.

"चार प्लेटी?"

"चार पोहे," ते म्हणाले, आणि तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.