दसऱ्याचा चंदेरी रंग

माझा मोठा भाऊ इंजिनाला कान लावून बिघाड सांगायचा आणि मी तारा तपासायचो. फुलचूरच्या रस्त्याला आमचं टिनाचं एकच शेड होतं, अर्धं दादाचं, अर्धं माझं. गिऱ्हाईक त्याला मोठे मिस्त्री म्हणत आणि मला छोटे मिस्त्री. मी चाळिशीला आलो, डोक्यावरचे केस निम्मे गेले, तरी छोटाच राहिलो. याचा मला राग होता, हे आता लिहायला हरकत नाही.

दोन हजार सालानंतरच्या सात-आठ वर्षांत जीपा बदलल्या. डिझेल किती आणि कधी सोडायचं हे पंपाऐवजी कॉम्प्युटर ठरवू लागला. जुनं इंजिन बंद पडण्याआधी खोकायचं, धूर टाकायचं, दादाला काहीतरी सांगायचं. नवं इंजिन काही न बोलता बंद पडे. गिऱ्हाईक गाडीतून उतरून थेट माझ्या अर्ध्या शेडकडे येऊ लागलं. दादा तेव्हा पान्यांची पेटी उघडून पाने लावत बसायचा. ते आधीच लावलेले असत.

एक काम मात्र पूर्ण त्याचंच होतं. दसऱ्याच्या आधी दोन दिवस तो नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या धुऊन, गंज घासून, खालच्या सांगाड्याला आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्याला चंदेरी रंग मारून देई. पूजेला गाडी आतून-बाहेरून चमकली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ब्रश तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे, माझ्याही नाही. बोल्ट न काढता त्याच्या भोवतीने ब्रश फिरवणाऱ्या मिस्त्र्यांना तो आळशी म्हणायचा. तो स्वतः बोल्ट काढायचा, खालचा पत्रा रंगवायचा, वाळू द्यायचा आणि मग बोल्ट परत बसवायचा.

चोरखमारा गावाकडचा एक पोवार शेतकरी पंधरा वर्षांपासून दादाचं गिऱ्हाईक होता. धानाची शेती सांभाळून तो जीपवर सवारी मारायचा. तिसरी जीप त्याने नव्या पद्धतीची घेतली, ती दादाला विचारून. दादा म्हणाला होता, घे, मी हाव ना.

त्या वर्षी दिवाळीनंतर, गावोगावी मंडईच्या जत्रा भरायच्या दिवसांत, ही जीप बंद पडू लागली. अर्धा तास चालायची आणि गप्प व्हायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. दादाने डिझेलचा फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, कान लावला. मग शेडमधल्या सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "इंजिनाचं काही नाही. माह्या हातचं याच्यात काहीच नाही. तारेचं हाय, लहान्याले इचारा."

मी खुशीत माझं स्कॅनर लावलं. स्कॅनर म्हणालं, डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर खराब. तो बदलला, जीप पाच दिवस चालली. मग म्हणालं, अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर. तोही बदलला. तिसऱ्यांदा त्याने इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरवर आळ घेतला. दरवेळी नवा आरोपी, दरवेळी निर्दोष. मधल्या काळात मालक नागऱ्याच्या महादेवाला नारळ फोडून आला, तर त्यानंतर जीप चार दिवस चालली. म्हणजे एका नारळाचा गुण माझ्या एका सेन्सरपेक्षा फार कमी नव्हता.

पाचव्या दिवशी ती कालव्याच्या पुलावर बंद पडली. मालक दुसऱ्या सकाळी आला आणि माझ्याकडे न पाहता दादासमोर बसला.

"मोठे मिस्त्री, तुमच्या भरोश्यावर गाडी घेतली होती."

"हाव."

"सोमवारी नागपूरले नेऊन टाकतो. मंग इकडं येणं होत नाही."

दादा एकच पाना दोनदा पुसत राहिला. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक तुटत होतं आणि त्याला करण्यासारखं काही नव्हतं. ते बघवेना. मी मालकाला म्हणालो, मला एक दिवस दे, पण गाडी उभी करू नको, रोजची फेरी मार, मी सोबत बसतो.

शेडमध्ये ती कधीच बंद पडत नव्हती, हे एक. दुसरं मला रात्रभर डोकं खाजवून सुचलं होतं. तीन सेन्सर आळीपाळीने तक्रार करत असतील, तर तिघांचं सामायिक काय आहे ते पाहायला हवं. करंट तारेने जातो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. कॉम्प्युटरची ही परतीची तार बॉनेटच्या आत एका बोल्टने पत्र्याला जोडलेली असते. त्यालाच आम्ही अर्थिंग म्हणतो. तिथे पकड सुटली की कॉम्प्युटरला सगळेच सेन्सर खोटे बोलताना दिसतात. अर्थिंग आधी पाहायचं हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. स्कॅनर आल्यापासून मी ते विसरलो होतो.

मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी कॉम्प्युटरच्या अर्थिंगच्या तारेला लावली आणि दोन्ही खिडकीतून आत घेऊन मीटर मांडीवर ठेवला. जोड चांगला असेल तर काटा शून्यावर राहायला हवा. मागे नऊ सवाऱ्या होत्या. माझ्या शेजारी एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती.

"काऊन गा, करंट लागते का?" तिने विचारलं.

"नाही आजी."

"मंग वायर कायले धरून बसला?"

"पाहून राहिलो, काटा कुठं हाय त."

"कुठं हाय?"

"शून्यावर."

"शून्यच पाहाचं होतं त घरीच बसाचं."

पंचवीस मिनिटं शून्य. मग इंजिन तापलं, रस्ता उखडलेला आला आणि काटा थरथरला. अर्धा व्होल्ट. एक. सव्वा. जीप गप्प झाली.

"बंद पडली!" मी ओरडलो. नऊ सवाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी बंद पडल्यावर इतका आनंदलेला मिस्त्री त्यांनी आधी पाहिला नसावा. म्हातारी टोपली घेऊन उतरली आणि चालू लागली.

बॉनेट उघडून मी अर्थिंगचा बोल्ट अंगठ्याने दाबून धरला. मालकाने चावी फिरवली, जीप सुरू. मग बंद करून बोल्ट काढला. खाली चंदेरी रंग होता. अख्ख्या पत्र्याला सारखा, जाड, ब्रशची एक रेघ नसलेला. लोखंडाला लोखंड टेकायला हवं तिथे रंगाचा थर बसला होता. बोल्ट आवळताना खरवडलेल्या एक-दोन जागांवर कसंबसं काम चाललं होतं, आणि हादऱ्यांनी तेही सुटत होतं. बोल्ट काढून खाली रंगवणारा माणूस आमच्या रस्त्याला एकच होता.

पहिल्यांदा मला आनंद झाला. माह्या हातचं काहीच नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. आता उत्तर माझ्या हातात होतं आणि ऐकायला मालकासह दहा माणसं उभी होती. मी ब्लेडने रंग खरवडला, पत्रा चमकवला, बोल्ट आवळला. मालक वाकून म्हणाला, "का होतं गा, छोटे मिस्त्री?"

"उंदीर," मी म्हणालो. "तार कुरतडली होती. जोडली."

मला दादाची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटली. इंजिनं त्याच्या हातून गेली होतीच. हा ब्रशही त्याने खाली ठेवला असता, तर शेडमध्ये त्याने काय करायचं हे मला सुचेना.

संध्याकाळी मालकाने शेडमध्ये येऊन उंदरांना यथेच्छ शिव्या दिल्या. धानाच्या कोठीजवळ गाडी लावतो म्हणूनच झालं म्हणाला. नागपूरचा विषय निघाला नाही. दादाने ऐकून घेतलं.

"उंदीर?" त्याने मला विचारलं.

"हाव."

तो उठला, बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहत राहिला, "बरं" म्हणाला आणि बॉनेट लावलं. त्याला काही कळलं नाही असं मी धरून चाललो. पुढचं वर्षभर मी मनातल्या मनात त्याच्यापेक्षा मोठा होतो. कुणी छोटे मिस्त्री म्हटलं तरी आता राग येत नसे, इतका मोठा.

पुढचा दसरा आला. दादाने नेहमीसारखा चंदेरी रंगाचा डबा उघडला. मीही ठरवून ठेवलं होतं. त्याचं रंगवून झालं की गुपचूप प्रत्येक गाडीच्या अर्थिंगचा बोल्ट काढायचा, रंग खरवडायचा, परत लावायचा. त्याला कळूही द्यायचं नाही. दुपारी तो केरोसीनमध्ये ब्रश धुवायला मागे गेला तेव्हा मी ब्लेड घेऊन चोरखमाऱ्याच्या जीपजवळ गेलो आणि बोल्ट काढला.

खाली रंग नव्हता. रुपयाएवढा गोल पत्रा कोरा सोडलेला होता, घासून चकचकीत केलेला, कड नीट राखलेली. दुसऱ्या गाडीचा बोल्ट काढला. तिथेही तसाच गोल. तिसऱ्या गाडीतही. मला इतकी लाज वाटली की चौथी उघडलीच नाही.

"पाहून घे बाबू, सगळ्याच पाहून घे," दादा मागून म्हणाला. "उंदराची जागा सोडली हाय."

त्याने धुतलेला ब्रश फडक्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. एक गाडी अजून रंगवायची राहिली होती.