हाराचा जेसीबी आणि माझ्या दारातली नाली

आता तुमच्यापासून काय लपवायचं! या महापालिकेच्या निवडणुकीत मी अशी काही माती खाल्ली की वाटतं, कोणाला सांगूच नये. पण घरात सांगायला तरी कोण आहे? म्हणून तुम्हीच ऐका. चहा घ्या आधी, गार होईल.

अमरावतीत वलगाव रोडच्या बाजूला आमची गल्ली, आणि गल्लीच्या अगदी शेवटी माझं घर. माझी बायको सुमन दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी बंगलोरला. राहता राहिला समोरचा गुलाबराव. तो रोज संध्याकाळी चहाला यायचा.

आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी पाइपलाइनसाठी आमच्या बाजूच्या फाटकांना चिकटून नाली खोदली. पाइप काही आला नाही, नाली मात्र राहिली! मी फळीवरून सर्कस करत बाहेर पडतो, पण गुलाबरावचे गुडघे गेलेले. मग तो त्याच्या ओट्यावरून ओरडतो, मी माझ्या ओट्यावरून. आता मूळव्याधीची गोष्ट ओरडून करता येते का, सांगा!

मला दुसरं काही नको होतं. नाली बुजावी आणि गुलाबराव घरात येऊन बसावा, बस.

तेवढ्यात निवडणूक आली. एलईडीची गाडी, ढोलताशे, ड्रोन... हो, ड्रोन! वरून काय टिपत होते, नाली? एक दिवस उमेदवारासाठी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांचा हार आला. एवढा मोठा की उचलायला जेसीबी! आणि तो उभा कुठे? माझ्या नालीच्या काठावर. मी धावत जाऊन ड्रायव्हरला गाठलं.

"भाऊ, जाता जाता थोडी माती लोटून दे ना यात."

"काका, मले हार उचलाचं सांगतलं. नालीचं कोनी काई बोललं नाई."

त्या उमेदवाराचा उजवा हात म्हणजे दिलीपभाऊ. पन्नाशीचा, गोडबोल्या. तो रोज विचारायला यायचा, "काय ठरवलं काका?" मी म्हणायचो, "अजून विचार करून राहिलो." ठरवलं म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असता का तो? पंधरा दिवस मी विचार केला आणि पंधरा दिवस माझ्या घरात माणसाचा आवाज होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

शेवटी मीच सौदा टाकला. "नाली बुजवा, आमच्या घरची दोन मतं तुमची."

दोन! सवय हो. इतकी वर्षं दोनच सांगत आलो.

"पक्कं काका! मतदानाच्या आदी बुजवून देतो."

आणि खरंच की हो, मतदानाच्या दोन दिवस आधी जेसीबी आला. गल्लीच्या तोंडापासून नाली बुजवत बुजवत शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत पोचला. गुलाबराव काठी घेऊन तयार. मी आलं किसायला घेतलं. तेवढ्यात दिलीपभाऊ मतदाराच्या चिठ्ठ्या आणि यादी घेऊन फाटकाशी आला.

"हे घ्या, सुमनकाकूची चिठ्ठी. काकू कुठं हायेत?"

"ती गेली. दोन वर्षं झाली."

यादीवर बोट फिरवता फिरवता तो थांबला. "अन् काका... तुमचं नाव तं वगळलेलं हाय. मयत म्हनून."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुमनचं नाव काढायचा फॉर्म मीच भरला होता. अर्जदाराच्या जागी तिचं नाव घातलं आणि मेलेल्याच्या जागी माझं! चौतीस वर्षं लोकांचे चुकलेले फॉर्म परत पाठवणारा मी हेड क्लार्क! पण त्या दिवशी अक्षरं नीट दिसत नव्हती, आणि मी लिहिलेलं एकदा वाचून बघणारी तीच उरली नव्हती.

"म्हंजे या घरात मतच नाई? मंग पंधरा दिवस मी कोनाले मनवून राह्यलो होतो?"

"चहा तर प्यालात ना?"

त्यानं जेसीबीला हात केला. जेसीबी वळला आणि गेला. पुढच्या चौकात आणखी एक हार होता म्हणे.

आता अख्ख्या गल्लीत एकच नाली उरली, माझ्या फाटकापुढची. समोरून गुलाबराव ओरडला, "अबे, तुह्याच घरापुढं काहून सोडली?"

काय सांगणार? गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडावं लागलं, "अरे, यादीत मी मेलो आहे!"

गुलाबरावनं काठी ओट्यावर आपटली. मग तिकडून आवाज आला, "असं हाय काय! पन तुले खांदा द्याले तरी मी येऊ कुठून बे?"

सगळ्या प्रचारात मुद्द्याचं बोलणारा माणूस हा एकच निघाला. डोळे मिटून मत दिलं असतं त्याला. पण मयताकडे कसलं आलंय मत!