खळीनं बंद केलेली दोन पानं

आमच्या गल्लीतल्या बाइंडरला सगळे खळीकाका म्हणतात. नखांत कायम पिठाची खळ वाळलेली. हात मिळवलात तर सोडवून घ्यावा लागतो. मी त्यांचा शेजारी. भिंत पातळ आणि माझे कान तिखट, त्यामुळं त्या घरातलं मला त्यांच्या नातेवाइकांपेक्षा जास्त ठाऊक. शिवाय संध्याकाळी सातच्या प्रार्थनेला मी स्वतःच जाऊन बसतो. काकू विचारते, "भावजी, तुम्ही देवासाठी येता की बातमीसाठी?" मी म्हणतो, दोन्ही एकाच घरी मिळत असताना दोन घरं कशाला फिरू?

त्यांची रीत अशी: जपमाळ झाली की शुभवर्तमानाचं एक पान वाचायचं आणि त्यातलं उद्या आपण काय करणार, ते प्रत्येकानं सांगायचं. नुसतं 'चांगलं वागेन' चालत नाही. काकू लगेच, "कोणाशी? किती वाजता?" दुसऱ्या दिवशी झाडाझडती. या रीतीपायी मी वरच्या मजल्यावरच्या खाष्ट बाईची माफी मागून आलोय. चूक तिचीच होती, हे आजही सांगतो.

वाचायचे नेहमी काका. पण गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बसली आणि पुस्तक नव्या सुनेच्या हाती गेलं. सून छापखान्यात मुद्रितं तपासते. तिच्या नजरेतून माशीचा पायही सुटत नाही. तिसऱ्याच संध्याकाळी ती थांबली.

"बाबा, सातव्या पानानंतर एकदम दहावं."

"बांधताना राहिलं असेल एखादं," काकू म्हणाली.

आचाऱ्याला मिठाची आठवण करून द्यावी, तसं झालं. काका फटकन बोलले, "माझ्या बांधणीत पान राहत नाही. मी चिकटवलंय ते."

आणि स्वतःच गार पडले.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. सकाळीच तिला घरघर लागली होती. धाकटा भाऊ दोन गल्ल्या पलीकडं. पण शाळेच्या पुस्तकांची बांधणी हातात होती. हे संपवून निरोप धाडू, असं काकांनी ठरवलं. काम संपलं, तोवर आईही संपली. भाऊ आला तो थेट माती द्यायला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. आणि प्रभू जिथं म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविषयी काही गाऱ्हाणं असल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडं जा, ती पानं काकांनी समोरासमोर चिकटवून टाकली.

काकू उठली. उकळती किटली आणून ठेवली. काकांनी पानं वाफेवर धरली, हाडाची पट्टी कडेनं सरकवली. एका डोळ्यानं. पानं सुटली आणि एक अक्षरही गेलं नव्हतं.

मला राहवेना. "काका, खळ पातळ पडली वाटतं?"

"सरस लावणार होतो. सरस लावला की पान फाटतं, सुटत नाही. डबाही उघडला होता."

"मग?"

"हात धजला नाही."

जो माणूस ते वचन बंद करत होता, त्याच्याच हातानं ते उघडायची वाटही ठेवली होती. ती कोणी ठेववून घेतली, हे विचारायची माझी छाती झाली नाही. सून वाचत होती, दबक्या आवाजात, पाळण्यातल्या बाळाजवळ बोलावं तशी.

वाचून झालं. काका उठले. "उद्या नाही. आत्ता."

"जा," काकू म्हणाली. "आम्ही गुडघ्यांवरच आहोत."

जिन्यावर मी त्यांचा हात धरला. दोन गल्ल्या आम्ही न बोलता चाललो, आणि माझ्यासाठी तोही चमत्कारच.

भावानं दार उघडलं. पट्टी पाहिली.

"आईच्या दिवशी तुला निरोप धाडला नाही," काका म्हणाले. "पुस्तकं बांधत बसलो. चूक माझी."

भाऊ उंबऱ्यावर आला. मग म्हणाला, "तिनं माझं नाव घेतलं होतं?"

"दोनदा."

त्यानं भिंतीला हात टेकला. मी दुसरीकडं पाहू लागलो. असं मी सहसा करत नाही.

"प्रार्थना अर्धी टाकून आलोय," काका म्हणाले. "घरी सगळे थांबलेत."

भावानं पायात चपला सरकवल्या, माझ्या हातातून काकांचा हात काढून घेतला आणि म्हणाला, "सांभाळ, दादा. पुढं पायरी आहे."