सेल्फी पॉइंटवरची होडी

गाव सोडलं त्या सकाळी एसटीच्या खिडकीखाली बाबा उभे होते. एकटेच. आई मी सातवीत असतानाच गेली. बाबा म्हणाले, "दोन वर्सां कर, मगे ये. होडी तुझ्यासाठी ठेवतंय." मी हसून मान डोलावली. आयटीआयचा कागद खिशात होता, अंगात माज होता. दोन वर्षं काय, हां हां म्हणता जातील!

अकरा गेली. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं येऊन चाकण-महाळुंग्यात पडलेल्यांनो, तुमच्यावर रागावून लिहितोय. तुमच्यापैकी एकानंही मला होडीचं सांगितलं नाही. किंवा सांगितलंही असेल. गावचा ग्रुप मी म्यूट करून ठेवलाय. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, रविवारी ओव्हरटाइम, उरलेल्या वेळात झोप. गावी जाणं राहूनच गेलं. बाबांना फोनवर विचारायचो, होडी कशी आहे? ते म्हणायचे, "बरी आसा."

यंदा कंपनीतल्या आमच्या लाइनची सहल समुद्रावर काढायचं ठरलं. बीच निवडला गणेशनं. तो चाकणच्या जुन्या शेतकरी घरातला, आता कंपनीत माझ्याशेजारी उभा असतो. त्यानं रील दाखवलं आणि मी उडालोच, आमचाच किनारा! कुणाला काही बोललो नाही. मनात वेगळंच शिजत होतं. राजीनामा लिहून बॅगेत ठेवला होता. बाबांना गाठायचं आणि सांगायचं, आलो कायमचा, चला, काढा होडी. कंपनीला सोमवारी कळवलं असतं.

बस थांबली तिथं पूर्वी आम्ही जाळी वाळत घालायचो. आता पेव्हर ब्लॉक, आइस्क्रीमच्या गाड्या, भिंतीवर भलेमोठे रंगवलेले मासे, गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं. मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यावर एक होडी, निळी-गुलाबी, अंगभर ऑक्टोपस. गणेश ओरडला, "आरं, कसली भारी हाय राव! चढ की, बघतोस काय!"

चढलो. सगळे चढले. फोटोही निघाला.

मग खाली पाहिलं. बुटाखाली ती फळी होती, पंधराव्या वर्षी मी स्वतः ठोकलेली. रंगाखालूनही माझे वाकडे खिळे दिसत होते. आमची होडी! आमच्यात होडीला चप्पल लागू देत नाहीत. काढून, पाया पडूनच पाय ठेवायचा. लहानपणी एकदा विसरलो तर बाबांनी थोबाडीत दिली होती. आणि कंपनीत बुटाशिवाय लाइनवर पाय ठेवला की मेमो. अकरा वर्षं मेमोला भ्यालेला पाय, तो बूट काढायला कसला थांबतोय!

तेवढ्यात माडाखालच्या खुर्चीवरून आवाज आला, "चपला काढा ओ! होडी आसा ती!" गळ्यात पंचायतीची शिट्टी अडकवून बाबा माझ्याकडेच येत होते. जवळ आले, मला पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. दुसऱ्यांवर ओरडणारा माणूस माझ्यावर ओरडला नाही. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गणेशनं सहज विचारलं, "काका, कुणाची हो ही होडी?"

"पंचायतीची," बाबा म्हणाले.

सगळे पाण्याकडे पळाल्यावर मी विचारलं, का दिली? म्हणाले, गुडघे गेले, बुडाला भोकं पडली, एकट्यानं वल्हवता येईना. दोन वर्षं वाट पाहिली, मग आणखी पाच. उभ्या उभ्या कुजली असती, त्यापेक्षा पोरांनी रंगवली ते बरं. आवाजात राग नव्हता. असता तर मी राजीनाम्याचं बोललो तरी असतो. आता होडीशिवाय कशावर परत येणार होतो?

चाकणला दहा बाय बाराच्या खोलीत मी कोकणातला. इथं मी सहलवाला. घर कुठं म्हणून कुणी विचारलंच, तर आधार कार्डावर आहे तो पत्ता सांगतो आणि विषय बदलतो.

शेवटी मी बूट काढून हातात घेतले. उशिरा सुचलेलं शहाणपण! चौथऱ्यावरून वाळूत उतरलो तर भर दुपारची वाळू, तळवे चरचरले. याच वाळूत मे महिन्यात अनवाणी धावलोय मी. एका जागी उभं राहवेना, नाचायलाच लागलो.

बाबा बघत होते. हळूच म्हणाले, "घाल रे बूट. पाय भाजतले तुझे."

मी घातले.