परसातली भट्टी आणि दारातला भंगारवाला

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर ऐकताना तुमच्या नाकातून येईल आणि बोल मला लागेल.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. कुकरची शिट्टी अडकली की मी अंगणात असतो. दिवाळीत फुलबाजी पेटवतो तीसुद्धा हात लांब करून, मान फिरवून! अशा माणसानं सुऱ्या घडवायला घरी गॅसची भट्टी करावी का? पण केली. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं, दुसरं काय.

"घरात इळी हाय, सुरी हाय," बायको म्हणाली, "आनि तुमाला कांदा चिरता येत न्हाय. नवी सुरी कुनासाठी?"

मी ऐकतोय होय! शिवाजी पेठेतल्या आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं काम सुरू झालं. जाड लोखंडी नळकांडं, आतून उष्णता सोसणारं अस्तर, वर भट्टीची माती. त्याला एक बर्नर. बर्नर म्हणजे पाईपच. मागच्या तोंडानं हवा ओढायची, गॅसमध्ये मिसळायची आणि पुढं निळी ज्योत सोडायची. ऐकायला किती सोपं, नाही?

भट्टी तयार झाली ती ऐन नवरात्रात. मग काय, खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर तिचीही पूजा केली. हळद-कुंकू, नारळ, झेंडूचा हार. भित्र्या माणसाला देव जरा जास्तच लागतात, म्हणून पूजा अगदी मन लावून केली. दसरा झाला, हार उतरवला आणि रविवारी पेटवायचं ठरवलं.

तेव्हा बायकोनं तह केला. "एकदा पेटवून दावा. नीट पेटली तर ऱ्हाऊ दे. कुनाचा जीव घाबरा झाला, तर भट्टी भंगारात. मला तितं धुन्याचं मशीन ठेवायचं हाय."

आणि नुसतं बोलून थांबली नाही हो! रविवारी सकाळी तिनं भंगारवाल्यालाच बोलावून ठेवलं. त्यानं हातगाडी दारात लावली, परसात येऊन बसला आणि बशीतला चहा ओढत भट्टीकडं बघू लागला, मुलगी बघायला आल्यासारखा.

मला एकीकडं भट्टी फुटायची भीती, दुसरीकडं भट्टी जायची भीती!

तयारी मात्र चोख होती. सिलेंडर शेडच्या बाहेर. दारं-खिडक्या उघड्या. वाळूची बादली. जिथून गॅस बाहेर येऊ शकतो त्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघितला. एक बुडबुडा नाही. शेजारचे बापू, जुने पैलवान, ओलं पोतं घेऊन उभे. चार दिवस मी घरादाराला एकच मंत्र पढवत होतो, "काय बी झालं तरी पळायचं न्हाय. आधी व्हॉल्व बंद!"

आधी पेटता काकडा आत धरला, मग हलक्या हातानं गॅस सोडला. व्हिडिओत कसा घरघर आवाज येतो, निळीशार ज्योत निघते! इथं? भक्! पिवळाजर्द, आळशी जाळ तोंडातून बाहेर लोंबायला लागला. वर काळा धूर. त्यात गॅसचा वास. मनात एकच, आग पाईपमधून मागं निघाली, आता सिलेंडर!

"पळाऽऽ!"

कोण ओरडलं विचारताय? मीच की! आणि सगळ्यांच्या आधी पळालोही मीच.

बापूंनी ओलं पोतं फेकलं. भट्टीवर नव्हे, माझ्यावर! नंतर म्हणाले, "आरं, तुजं तोंडच आसं झालतं, मला वाटलं तूच पेटलास."

मग तर विचारूच नका. पोत्यात गुंडाळलेला मी गल्लीत आलो आणि लोकांनी काय ते समजून घेतलं. पहिल्या दारात बातमी होती, "भट्टी भडकली." कोपऱ्यावर गेली तोवर "सिलेंडर फुटला." तालमीपाशी पोचली तेव्हा मी गेलो होतो! एक म्हातारी माझ्याच अंगावर हात ठेवून मला विचारत होती, "लई चांगला हुता रे, कसं झालं?" समोरच्या घरातून टीव्ही बाहेर आला, त्यापाठोपाठ घरातली माणसं.

आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. बायको आतच होती!

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी भट्टी, सुऱ्या, सगळं गेलं डोक्यातून. तसाच पोत्यासकट धावलो. शेडपाशी बघतो तर जाळ विझलेला, धूर विरत चाललेला आणि ही कमरेवर हात ठेवून उभी.

"काय केलंस ग?"

"व्हॉल्व बंद केला. चार दीस कान किटवलासा की माजं."

गल्ली माझ्यामागून परसात आली. भंगारवाला उठून कमरेची दोरी सोडायला लागला. भट्टी गार झाल्यावर बायकोनं बर्नरच्या मागच्या तोंडात डोकावून बघितलं, सांडशी घातली आणि ओढलं. बाहेर आलं एक वाळलेलं झेंडूचं फूल. पाकळ्यांवर कुंकू अजून तसंच.

हवा जायची वाटच बंद! मग निळी ज्योत कुठली?

मी भडकलो. भीतीचा राग फार वाईट असतो. सगळ्यांसमोर गरजलो, "ह्यो गाढवपना कुनी केला? जीव गेला आसता एखाद्याचा!"

बायको शांतपणे म्हणाली, "खंडेनवमीला पूजा कुनी केली?"

डोळ्यांसमोर आलं सगळं. हार घालून एक फूल उरलं होतं. बर्नर बिचारा राहिला म्हणून त्याच्या मागच्या भोकात मीच खोवलं होतं. काय चपखल बसलं होतं हो! हातसुद्धा जोडले होते मी.

भंगारवाल्यानं भट्टीला दोरी लावली. "उचलू न्हवं, वैनी?"

"ऱ्हाऊ दे पावनं," बायको म्हणाली. "भट्टीत खोट न्हाय. बिगडल्याला माल ह्यो हाय, ह्यो न्ह्या." आणि माझ्याकडं बोट केलं.

त्या पठ्ठ्यानं मला पोत्यासकट वरून खालपर्यंत न्याहाळलं, दंड चाचपून बघितला आणि दोरी गुंडाळत म्हणाला, "नगं वैनी. ह्येच्यात लोखंडच न्हाय."