त्र्याहत्तरची की ब्याण्णवची

आमच्या चँडलरच्या काकांइतक्या मनापासून वस्तू नाकारणारा माणूस अख्ख्या ॲरिझोनात दुसरा नसेल, आणि अशा माणसाची भरल्या हॉलसमोर टिंगल करणारा शोधायचा तर लांब जायला नको, तो मी. हे आधीच सांगून टाकतो. पुढे काकांच्या ज्या गमती सांगणार आहे त्या वाचून तुम्ही हसाल, आणि हसावं अशी माझी इच्छाच आहे. फक्त कुठे थांबायचं ते मला एकदा कळलं नव्हतं.

काका मूळचे नागपूरचे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. माझी मुलगी त्यांना काका म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला ‘तू’ म्हणत. चिपच्या कारखान्यात त्यांचं काम क्वालिटीचं. म्हणजे दिवसभर माल बघायचा आणि तो का चालणार नाही ते सांगायचं. संध्याकाळी घरी आल्यावर हेच काम ते हौसेने पुढे चालू ठेवत. टरबूज घ्यायला गेले की ढिगातलं एकेक उचलून कानाशी धरत, टिचकी मारत, खाली ठेवत. शेवटी दुकानाचा मॅनेजर येऊन काही मदत हवी का विचारायचा आणि काका त्यालाही एक टरबूज ऐकायला लावायचे. एकदा गादी घ्यायची म्हणून दुकानातल्या गादीवर ते आडवे झाले ते चक्क घोरू लागले. जागे झाल्यावर विक्रेत्याला नाही म्हणाले आणि बाहेर येऊन मला कारण सांगितलं, “झोप चांगली लागली ना. पण गादीमुळे लागली की थकव्यामुळे, ते कळून नाही राहिलं.” काकू शांतपणे म्हणायच्या, “मला पाहायला आले तेव्हा सासरे सोबत होते म्हणून बरं. एकटे आले असते तर अजून विचार करत बसले असते.”

असा माणूस काउबॉय शूटिंगच्या नादी लागला. हा इकडचा एक अजब खेळ आहे. शहाण्यासुरत्या नोकऱ्या करणारी, दातांचे डॉक्टर आणि विमा विकणारी माणसं रविवारी सकाळी वाळवंटातल्या रेंजवर जमतात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कपडे घालतात, स्वतःला एखादं दणदणीत टोपणनाव घेतात आणि जुन्या पद्धतीच्या बंदुकांनी लोखंडी पाट्यांवर घड्याळ लावून गोळ्या झाडतात. गोळी लागली की पाटी ठण्ण वाजते. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर काका नुसतं बघायला म्हणून गेले आणि परत आले ते ‘नागपूर किड’ होऊन. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पोशाखाचा प्रश्न निघाला तेव्हा काउबॉयची हॅट त्यांनी अर्थातच नाकारली. मुख्य पंचाला म्हणाले, नियमात जुना पोशाख म्हटलंय, कुठल्या गावचा ते म्हटलेलं नाही. माझे पणजोबा त्या काळात धोतर नेसत होते. पंचाने नियमांचं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं आणि धोतर मंजूर केलं. पायात मात्र चपला नकोत, बूट हवेत, एवढीच अट घातली. तेव्हापासून धोतर, बूट, डोक्याला फेटा आणि कमरेला रिव्हॉल्व्हरचा पट्टा अशा थाटात काका मैदानात उतरत, आणि तिथली मंडळी त्यांना अतिशय अदबीने ‘मिस्टर किड’ म्हणत.

रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन मित्र आपल्याच वापरायला देई आणि संध्याकाळी परत घेऊन जाई. राहिली ती रायफल. ती काका रेंजवर कोणाकडून तरी उसनी घेत. स्वतःची घ्यायची तर जुन्या रायफलींच्या नव्याने बनवलेल्या प्रतिकृती मिळतात. खालच्या कडीत बोटं घालून ती पुढे ढकलायची आणि मागे ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. काकांसमोर स्थळं होती तीन. पहिली अठराशे सहासष्टच्या घडणीची, पितळी अंगाची, पिवळीधमक. ती पाहून काकू म्हणाल्या, “ही आणलीत तर दर दिवाळीला चिंच लावून तुम्हीच घासायची.” ती बाद झाली. दुसरी त्र्याहत्तरची, घडण तीच, पण अंग लोखंडी, वजनाला जड, आणि कडी अशी चाले की हाताला कळूही नये. तिसरी ब्याण्णवची, हलकी आणि आतून जास्त दणकट. पण नवी असताना तिची कडी जराशी अडखळे, कारागिराकडून घासून घ्यावी लागे. या दोघींमध्ये काका तीन वर्षं अडकले.

दर शनिवारी मला बरोबर घेऊन ते बंदुकीच्या दुकानात जात. मला रायफलीतलं ओ की ठो कळत नाही, पण स्थळ पाहायला घरचं माणूस सोबत हवंच, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार म्हातारा, मिशाळ आणि फार सोशिक होता. काका आले की तो खुर्ची पुढे करी, दोन्ही रायफली रिकाम्या असल्याची खात्री करून टेबलावर ठेवी आणि काकूंनी पाठवलेला चिवडा खात बसे. काका डोळे मिटून कडी पुढेमागे करत आणि मला ऐकायला सांगत.

“ब्याण्णवची मजबूत आहे, मानलं,” ते म्हणत. “पण मजबुती कोणाला पाहिजे? आपली गोळी हलकी, पाटी वाजली की झालं. अस्वल थोडी येऊन राहिलं अंगावर.”

“मग त्र्याहत्तरची घेऊन टाका.”

“जड आहे ना बाप्पा. खांदा भरून येतो.”

“मग ब्याण्णवची.”

“तू घाई करून राहिला. कार घेताना अशीच घाई केली होती, आता दर महिन्याला मेकॅनिककडे चकरा मारतो.”

मीही चिवडा खाऊ लागे. कारबद्दल ते खरं होतं.

एका शनिवारी परतताना त्यांनी गाडी एका मोकळ्या पार्किंगमध्ये थांबवली आणि इंजिन चालू ठेवूनच बोलू लागले. वजन आणि कडी हे सगळं दुकानदाराला सांगायला ठीक आहे, म्हणाले. खरी अडचण वेगळी आहे. लहानपणी वडिलांचा हात धरून ते दीक्षाभूमीवर गेले होते. तेव्हापासून रोज सकाळी पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. “माझ्या हातून चिमणी मरणार नाही, हे मला माहीत आहे. पाटी वाजते, तेवढंच. पण उसनी बंदूक संध्याकाळी परत जाते रे. आपली म्हणून घरात ठेवायची, त्याच भिंतीला बुद्धाचा फोटो. माझ्या बाबांना चाललं असतं का? हे कोणाला विचारू?” मी म्हणालो, शांतपणे विचार करा. त्यांनी मान हलवली आणि गाडी गिअरमध्ये टाकली. दुसऱ्या कोणाजवळ ते हे बोलले नव्हते.

दिवाळीला आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, जेवणाला उशीर होत होता, आणि कोणीतरी मला म्हणालं, तू नकला छान करतोस, दहा मिनिटं काढून दे. मी झाडू हातात घेऊन काका झालो. टरबूज केलं, गादी केली, झाडूची कडी ऐकली. काका तिसऱ्या रांगेत बसून खो खो हसत होते. काकूंनी तर पदराने डोळे पुसले. तिथे मी थांबायला हवं होतं. पण हशाची चटक वाईट असते. मी झाडू काखेत धरून डोळे मिटले, हात जोडून पंचशीलातलं पहिलं शील म्हटलं, मग झाडू खांद्याला लावला आणि तोंडाने ‘ठो’ केलं.

हॉल फुटेल असा हसला. तरीही मागच्या बाजूच्या दोन-तीन कुटुंबांमध्ये कोणीच हसत नव्हतं, ते मला मंचावरून दिसलं. काकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी व्यवस्थित, सभ्य माणसं वाजवतात तशा.

ते भांडले असते तर सोपं झालं असतं. फोन केला की ते बोलत, हवापाणी विचारत, पण आता मला ‘तुम्ही’ म्हणत. शनिवारी मला न्यायला येईनासे झाले. इंडियन ग्रोसरीत काकू भेटल्या तेव्हा कढीपत्ता निवडता निवडता म्हणाल्या, “दुकानात जात नाहीत आता. रेंजवर पण नाही. त्यांचं ठरलं होतं हो. त्र्याहत्तरचीच. दिवाळीनंतर आणणार होते.”

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. ते मागच्या अंगणात संत्र्याच्या झाडाला पाणी घालत होते. मी इकडचं तिकडचं काहीतरी बोललो आणि मग म्हणून टाकलं, की तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी चारचौघांत वापरलं, मला माफ करा. काकांनी मला नीट पाहून घेतलं. पाण्याची नळी दुसऱ्या आळ्यात सोडली.

“चांगली आहे माफी,” ते म्हणाले. “पण इथे कशाला मागून राहिले? इथे फक्त मी आहे आणि हे झाड. बोलले होते तुम्ही हॉलमध्ये.”

माझी माफीही त्यांनी नाकारली होती. आणि त्यांचं बरोबर होतं.

रायफल त्यांनी फेब्रुवारीत आणली. बुद्धाचा फोटो होता तिथेच राहिला. रायफल गॅरेजमधल्या कपाटात, कुलपात. आता ते नेपरव्हिलला मुलीजवळ राहतात आणि फोनवर सांगतात की तिथल्या बर्फात हिवाळाभर रेंज बंद असते, कडी नुसती तेल घालून ठेवावी लागते. माझ्याकडून दर शनिवारी गाडी विनाकारण त्या दुकानाच्या रस्त्याला वळते. पण हे सगळं नंतरचं. मला जे सांगायचं आहे ते त्याआधीच्या जानेवारीतलं, संक्रांतीच्या कार्यक्रमातलं.

तोच हॉल होता. मी माइकसमोर उभा राहिलो तर लोक आधीच हसू लागले. त्यांना वाटलं, नक्कल आहे. मी थांबलो. हसणं विरेपर्यंत वाट पाहिली, तो काळ फार लांबला. काका-काकू बसले होते तिकडे मी पाहिलं, मागच्या बाजूला त्या दिवशी न हसलेल्या कुटुंबांकडेही पाहिलं, आणि म्हणालो, “दिवाळीला इथेच उभं राहून मी काकांच्या शीलाची चेष्टा केली. ती गोष्ट त्यांनी मला एकट्याला सांगितली होती. ते शील इथे बसलेल्या अनेकांच्या घरात रोज म्हटलं जातं, हे मला माहीत होतं, आणि तरीही मी ते वापरलं, कारण मला हशा हवा होता. काका, माझं चुकलं. मला माफ करा.”