चीफसाहेबांची एक ओळ

चीफसाहेबांनी काढलेल्या एकाही फोटोत पुतळ्याला डोकं नसायचं. दोनशे वर्षांपूर्वी गोरा साहेब मोहीम घेऊन जिथे उतरला म्हणतात, त्या नदीकाठच्या बागेत त्याचा हाताची घडी घातलेला पांढराशुभ्र पुतळा आहे. पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेल्या आईवडिलांना तो दाखवायचाच, अशी सिंगापुरात आमची रीत. दाखवायला अर्थात चीफसाहेब. "साहेबाचे जोडे आले ना फोटोत? मग झालं!"

मूळचे गुहागरकडचे, जहाजावरचे निवृत्त चीफ इंजिनीअर, सेम्बावांगला मुलाकडे राहायचे. मी बिशानला माझ्या मुलाकडे, त्यांच्याच मेट्रोच्या वाटेवर, म्हणून मला MRT मधून उचलून न्यायचे, शेपटासारखं. पस्तीस वर्षं त्यांनी जहाजाच्या पोटात काढलेली. "वहिनी, बंदर आलं की हार कॅप्टनच्या गळ्यात. आम्ही तेलात. वर येईपर्यंत फुलं सुकलेली."

बागेतला फलक ते मोठ्याने वाचायचे, आरतीसारखा. साहेबाचं नाव, हुद्दा, सोबतचे अधिकारी. मग म्हणायचे, "केवढे उपकार! साहेबांनी बेट शोधलं. आधी इथे राहणाऱ्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता, आपण राहतो कुठे." आणि शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न, "पण होडी वल्हवली कोणी? साहेबाच्या हाताची घडी तर अजून सुटलेली नाही!"

एकदा नाशिकचे एक काका म्हणाले, "अहो, साहेबामुळेच तर हे शहर झालं." चीफसाहेबांनी थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला, काका सोडून. "तुमचा चहा साहेब आणतील. थांबा हं, घडी सोडवताहेत." सगळ्यांत जास्त हसल्या त्यांच्या काकूच, आणि शेवटी काकांना काकूंच्याच कपातला घोट घ्यावा लागला.

हसण्यावारी नेत असू आम्ही, पण माणूस आतून पेटलेला होता. फलकावर वल्हवणाऱ्यांची एक ओळ घाला, एवढंच मागणं. नावं नाहीत तर नाहीत, नुसतं 'खलाशीही होते' म्हणा. दरवर्षी बागेच्या कार्यालयाला सुबक इंग्रजीत पत्र, आणि दरवर्षी तेच उत्तर: सूचनेची नोंद घेतली आहे, धन्यवाद. सहा वर्षांची सहा उत्तरं त्यांनी फाइलला लावलेली. "नोंद घेण्यात ही माणसं फार तत्पर, वहिनी. फक्त करत नाहीत."

मग मुलाची नोकरी पुण्याला गेली, इथे राहायचा पास संपला, चीफसाहेब गुहागरला निघाले. शेवटच्या फेरीत फलक वाचलाच नाही. फाइल माझ्या हातात दिली. "आता तुम्ही लिहायचं."

"मला कुठलं इंग्रजी येतं, भाऊजी?"

"मराठीत लिहा. उत्तर तेच येणार आहे."

लिहिलं की मी! चार ओळी, अगदी शाळेतल्यासारख्या. उत्तर आलं, पण ते नेहमीचं नव्हतं. पत्राची भाषा कोणती, इंग्रजीत पाठवाल का, आम्हाला समजून घ्यायचं आहे, असं कुणीतरी विचारलं होतं. मी त्याचा फोटो गुहागरला पाठवला. चीफसाहेबांचा लगेच फोन. मागे समुद्राचा आवाज. म्हणाले, "म्हणजे वहिनी, तुमचं कुणीतरी वाचायला घेतलं. माझी सहा गेली तशीच."

त्याच संध्याकाळी चीफसाहेबांची सगळी हकिगत मराठीत लिहून काढली आणि नातीला भाषांतराला बसवलं. ती इथल्या ढंगात म्हणाली, "आजी, केवढं हे, so long, lah! कुठून सुरू करू?"

म्हटलं, होडीपासून.